वैद्यकीय इच्छापत्र आहे, पण रुग्णालयात विचारतो कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इच्छामरणाचा विषय निघाला की चर्चा लगेच नेदरलँड्स-बेल्जियममधल्या इंजेक्शनकडे वळते. ते आपल्याकडे बेकायदा आहे आणि माझ्या मते सध्या तसेच राहावे. शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णाला मॉर्फिन मिळवायला जिथे वणवण करावी लागते, तिथे वेदनेला कंटाळून दिलेल्या होकाराला 'इच्छा' कसे म्हणायचे?

पण जे कायदेशीर आहे, त्याचे काय? अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जीवरक्षक उपचार थांबवण्याला मर्यादित मान्यता दिली. २०१८ मध्ये घटनापीठाने वैद्यकीय इच्छापत्रही (आपण बोलण्याच्या स्थितीत नसू तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद) मान्य केले, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती (म्हणजे मरणासाठीही कोर्टाची पायरी!). जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. पुढे वेळ आली की तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांनी उपचार थांबवावेत का, यावर शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर लागतो. घोडे इथेच पेंड खाते.

मी अतिदक्षता विभागात नोकरी केली. तिथे पाहिला तो वेगळाच रस्ता. बिल आवाक्याबाहेर गेले की मुलगा कागदावर लिहून देतो, 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहोत.' रुग्णवाहिकेत अ‍ॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) दाबत माणूस घरी पोचवायचा आणि तिथे नळी काढायची. उपचार थांबलेच की! फक्त ना मंडळ, ना वेदनाशामक. इस्टेटीच्या लोभाने नातेवाईक म्हाताऱ्यांचा जीव घेतील, म्हणून नियम कडक हवेत असे म्हणणाऱ्यांनी तो कागद एकदा वाचावा. तो मुलाच्या एका सहीवर चालतो. रुग्णाला काय हवे होते, हे त्यात कुठेच नसते.

संसदेने कायदा करावा हे रास्तच, पण तोवर हातावर हात ठेवून का बसायचे? कर्नाटकने जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या या निकालाच्या अंमलबजावणीसाठी परिपत्रक काढले. प्रत्येक जिल्ह्याने दुसऱ्या मंडळासाठीच्या डॉक्टरांची यादी आधीच तयार ठेवावी. इच्छापत्राची प्रत कोणत्या अधिकाऱ्याकडे द्यायची, हे महापालिका-पंचायतीत ठळक लावावे. आणि 'रुग्णाने काही लिहून ठेवले आहे का?' हा प्रश्न दाखल करतानाच्या फॉर्मवरच यावा. अ‍ॅलर्जी विचारतात, तिच्याखाली एका ओळीची जागा सहज निघेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका