तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, कर्नाटक सरकार यांस,
स.न.वि.वि.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावात याल तेव्हा मागण्यांची रांग लागेलच. आमची मागणी इमारतीची नाही, मोठ्या यंत्राचीही नाही. ती आहे रुग्णाच्या गाठीतला छोटा तुकडा प्रयोगशाळेत जिवंत वाढवण्याची.

निपाणी-चिकोडीचा पट्टा तंबाखूचा, आणि तंबाखू हे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे माहीत असलेले कारण आहे. हा रोग सापडतो तेव्हा बहुतेकांची शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. मग गाठीचा जिवंत अंश बहुतेकदा मिळतो तो एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या, म्हणजे तोंडातून आत नेलेल्या अल्ट्रासाउंड-दुर्बिणीच्या, सुईतूनच. २२ गेजची बारीक सुई जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून गाठीत जाते आणि शेवयीच्या तुकड्याएवढे, रक्ताने माखलेले काहीतरी घेऊन येते. त्यातून प्रयोगशाळेत त्याच रुग्णाच्या गाठीची छोटी प्रतिकृती, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवून तिच्यावर औषधे तपासता येतात.

पण सुई रिकामी होते ती फॉर्मॅलिनच्या, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या रसायनाच्या, बाटलीत. निदानासाठी ते योग्यच, मात्र त्यात पेशी मरतात. म्हणून निदानापुरता अंश मिळाला की सुईची आणखी एक फेरी हवी. तो तुकडा अँटिबायोटिक घातलेल्या मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, ४ अंश सेल्सिअसवर ठेवायचा, गोठवायचा नाही. काम त्याच दिवशी सुरू झाले पाहिजे.

आधी रक्तपेशी फोडून काढतात, मग कोलॅजिनेज या विकराने (एन्झाइमने) तुकडा अर्धवट सोडवतात. फार वेळ ठेवला तर सुट्या पेशी तग धरत नाहीत. नंतर मॅट्रिजेलमध्ये, म्हणजे पेशींना आधार देणाऱ्या जेलमध्ये, मिसळून २४ खणांच्या प्लेटमध्ये ५० मायक्रोलिटरचे थेंब सोडतात. मॅट्रिजेल १० अंशांच्या वर गेले की घट्ट होऊ लागते, त्यामुळे पिपेटच्या टिपासुद्धा आधीपासून फ्रिजमध्ये. ३७ अंशांवर थेंब घट्ट झाले की वर ईजीएफ, नॉगिन, आर-स्पॉन्डिन, एफजीएफ-१० हे वाढीचे घटक असलेले मीडियम घालायचे आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलायचे. गणपतीच्या सुट्टीतही.

सुई आतड्यातून जाते, म्हणून जंतू आणि बुरशी सोबत येतात. ते किमान डोळ्यांना दिसते तरी. खरा फसवा प्रकार वेगळाच. गाठीतल्या पेशी मागे पडतात आणि शेजारच्या निरोगी नलिकेच्या पेशी जोमाने वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ, गोल, देखणे फुगे दिसतात, सगळे खूश होतात आणि महिनाभर औषधे तपासली जातात ती निरोगी पेशींवर! या कर्करोगात दहांपैकी नऊहून अधिक गाठींत केआरएएस जनुक बिघडलेले असते. ते तपासल्याशिवाय एकाही प्लेटवर विश्वास ठेवू नये.

आता पैशाचे. एकरकमी अनुदानात इनक्युबेटर, म्हणजे पेशी उबेत वाढवण्याची पेटी, येतो. पण वाढीचे घटक, मॅट्रिजेल आणि वाढलेल्या पेशी गोठवून साठवायला द्रवरूप नायट्रोजन दरमहा लागतात. ते थांबले की इनक्युबेटर नुसते कपाट. तेव्हा बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला तीन वर्षांचा आवर्ती निधी, एक कायम तंत्रज्ञ आणि जनरेटर सुरू होईपर्यंत टिकणारा विजेचा बॅकअप द्यावा.

शेवटचे संमतीपत्राचे. रुग्णाला समजेल त्या भाषेत ते असावे, असे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. खानापूरच्या आजींना ते मराठीत मिळावे, सौंदत्तीच्या अज्जांना कन्नडमध्ये. यात सीमावाद आणू नये. आणि त्यात ठळक अक्षरांत लिहावे: प्रतिकृती वाढून औषधांची तपासणी व्हायला अनेक आठवडे लागतात, कधी ती वाढतच नाही, आणि तिचा फायदा तुम्हाला स्वतःला होईलच असे नाही.

आपले,
बेळगाव सीमाभागातील पेशीसंवर्धनाचे जाणकार