रहस्य फोडायचा अधिकार कोणी दिला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत किशोरवयीन मुलांच्या डिस्टोपियन (म्हणजे दडपशाहीच्या, भयाण काल्पनिक जगात घडणाऱ्या) रहस्यकथांवर जो लेख आपण छापलात, त्यातली मतं मला पटली नाहीत. पण मतं न पटणं ही काही पत्र लिहिण्याइतकी मोठी गोष्ट नाही. लेखकाने मजकुराच्या ओघात एका कादंबरीचा शेवट सांगून टाकला आहे. भिंत कोणी बांधली, पलीकडे काय आहे आणि मुलांना आत का कोंडलं, सगळं दोन वाक्यांत. आधी सूचना नाही, इशारा नाही. माझी 14 वर्षांची मुलगी नेमकी तीच कादंबरी वाचत होती आणि जेमतेम निम्म्यावर आली होती.

कादंबरीचं नाव मी इथे घेत नाही. जे नुकसान झालं तेवढं पुरे.

संपादक महोदय, ती पोर ते पुस्तक नुसतं वाचत नव्हती, सोडवत होती. एका वहीत तिने त्या शहराचा नकाशा काढला होता. कोण कधी काय बोललं, कोणाचं बोलणं आधीच्या प्रकरणाशी जुळत नाही, याच्या नोंदी होत्या. ज्यांच्यावर संशय होता त्यांच्या नावांखाली लाल रेघा होत्या. तिच्या दोन मैत्रिणीही तेच पुस्तक वाचत होत्या आणि तिघींचा करार होता, की ठरलेल्या प्रकरणाच्या पुढे कोणी जायचं नाही. संध्याकाळी फोनवर तर्क लढवले जात, भांडणंही होत. माझ्या मुलीचा संशय होता कादंबरीतल्या डॉक्टरीणबाईंवर. मैत्रिणींना तो अजिबात मान्य नव्हता, म्हणून हिने पान क्रमांकांसकट पुरावे गोळा केले होते.

काल आवडीचा विषय दिसला म्हणून तिने तो लेख वाचला. वाचून मला म्हणाली, "आई, माझा अंदाज बरोबर होता. पण आता तो मी ओळखला असं कसं म्हणणार?" पुस्तक तिने कपाटात ठेवून दिलं. संध्याकाळी मैत्रिणींचा फोन आला तर घेतला नाही, कारण बोलता बोलता तोंडून काही निसटलं तर त्यांचंही पुस्तक वाया जाणार. स्वतःचा आनंद गेल्यावरही दुसऱ्यांचा जपण्याची समज 14 वर्षांच्या मुलीला आहे. ती आपल्या लेखकांना आणि त्यांचा मजकूर तपासणाऱ्यांना का नसावी?

आता लेखातल्या मताविषयी. लेखकाचं म्हणणं असं, की उद्ध्वस्त जग, क्रूर राज्यकर्ते आणि मरणारी मुलं या काळोखाचं वयात येणाऱ्या मुलांना व्यसन लागतं आणि त्यातून ती निराश होतात. मला वाटतं, त्यांनी या पुस्तकांतला काळोख पाहिला आणि त्यात चाललेला शोध पाहिलाच नाही. मुलांना तिथे धरून ठेवतं ते रहस्य. मोठ्या माणसांनी काहीतरी दडवलं आहे आणि ते आपल्याला शोधून काढता येईल, ही जाणीव.

'द सिटी ऑफ एम्बर' ही जीन डुप्रो यांची 2003 मधली कादंबरी घ्या. (फक्त सुरुवात सांगते, शेवट नाही.) विजेच्या दिव्यांवर जगणारं एक शहर आहे. त्यापलीकडे सगळीकडे अंधार. शहर बांधणाऱ्यांनी बाहेर पडण्याच्या सूचना एका पेटीत घालून ठेवल्या आहेत आणि पेटीचं कुलूप ठरलेल्या वेळी आपोआप उघडेल अशी सोय केली आहे. एका महापौराकडून दुसऱ्याकडे जाता जाता पेटी कुठेतरी अडगळीत पडते. कुलूप उघडतं तेव्हा पाहायला कोणीच नसतं. इकडे जनरेटर वारंवार बंद पडू लागलाय, कोठारं रिकामी होत चालली आहेत आणि मोठी माणसं सगळं ठीक आहे म्हणताहेत. शेवटी तो कागद 12 वर्षांच्या एका मुलीच्या हाती लागतो, तोही तिच्या धाकट्या बहिणीने चावून चिंध्या केल्यावर. अर्धे शब्द गायब. उरलेल्या तुकड्यांवरून तिने आणि तिच्या मित्राने अर्थ लावायचा. वाचणारं मूलही त्यांच्याबरोबर तेच तुकडे जुळवत बसतं. यात निराशा कुठे आली? हे मूल विचार करतंय!

साध्या गुप्तहेरकथेत एक गुन्हा असतो आणि एक गुन्हेगार सापडला की सगळं पूर्ववत होतं. या कादंबऱ्यांत संशय येतो तो सगळ्या व्यवस्थेवरच. कायदा, शाळेत शिकवलेला इतिहास, रोज म्हणायची प्रतिज्ञा, यातलं खरं किती? मोठ्यांना हे अस्वस्थ करतं, मलाही करतं. पण "असंच असतं, विचारू नकोस" हे उत्तर जिला पुरेनासं झालं आहे, त्या वयाच्या मुलीला याहून जवळचं काय वाटणार?

वयंच पाहा. जॉन ख्रिस्तोफर यांच्या 1967 मधल्या 'द व्हाइट माउंटन्स'मध्ये 14 व्या वर्षी प्रत्येकाच्या डोक्यावर धातूची टोपी बसवतात आणि त्यानंतर तो माणूस आज्ञाधारक होतो. लोइस लॉरी यांच्या 1993 मधल्या 'द गिव्हर'मध्ये 12 व्या वर्षी वडीलधारे तुमचं आयुष्यभराचं काम ठरवून देतात. सुझन कॉलिन्स यांच्या 2008 मधल्या 'द हंगर गेम्स'मध्ये एकमेकांना मारण्याच्या जीवघेण्या स्पर्धेसाठी 12 ते 18 वयाच्या मुलांच्या नावांची सोडत निघते. आपल्याविषयीचे निर्णय आपल्याला न विचारता होताहेत हे ज्या वयात पहिल्यांदा खुपू लागतं, नेमकं तेच वय या लेखकांनी धरलं आहे. आणि 1967 साल पाहता, हे आजच्या मोबाइलवेड्या पिढीचं खूळ आहे हा लेखातला दावाही टिकत नाही.

राहिला निराशेचा मुद्दा. 2014 मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली, तेव्हा निदर्शकांनी निषेधासाठी उचलला तो 'द हंगर गेम्स'मधला तीन बोटांचा सलाम. तो केल्याबद्दल विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं. 2020 मध्ये तिथली शाळकरी मुलं झेंडावंदनाच्या वेळी तीच तीन बोटं वर करून उभी राहिली. 2021 मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवरही तीच खूण दिसली. त्यांच्या राजकारणावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण निराश झालेली मुलं घरी पडून राहतात, वर्गमित्रांसमोर हात वर करून उभी राहत नाहीत.

या प्रकारातलं सगळंच चांगलं आहे असं मी म्हणत नाही. 'द हंगर गेम्स' गाजल्यानंतर त्याच साच्यातून काढलेली पुष्कळ पुस्तकं आली. तीच स्पर्धा, तोच प्रेमाचा त्रिकोण, आणि उकलायला काहीच नाही. आमच्या घरात अशी पुस्तकं विसाव्या पानावर मिटून पडली आहेत. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती यातली काही पुस्तकं मी स्वतः देणार नाही. लेखात चांगलं-वाईट असं वेगळं करून दाखवलं असतं तर आम्हा पालकांना त्याचा उपयोग झाला असता.

माझी मागणी साधी आहे. कोणत्याही रहस्यकथेचा शेवट सांगणार असाल, तर मथळ्याखाली ठळक अक्षरांत तसं छापा. पुस्तकावर लिहिणाऱ्याला ते न सांगता लिहिता येत नसेल, तर तो मजकूर परत पाठवा. आणि विषय निघालाच आहे म्हणून: याच पुरवणीत मुलांच्या कोड्याचं उत्तर हल्ली कोड्याच्या अगदी खाली, सुलट्या अक्षरांत छापलं जातं. पूर्वी ते पुढच्या रविवारी येत असे. डोकं चालवायला मुलांना आठवडाभर मिळायचा, आता कोडं वाचून होण्याआधीच उत्तर नजरेला पडतं. याविषयी मी पूर्वी एकदा लिहिलं होतं, त्याची पोचही आली नाही. येत्या रविवारपासून निदान तेवढं तरी बदला.

आपली,
एक वाचक