देवदासला दुसरा शेवट द्यायचा तर...

संपादक महोदय,

शरच्चंद्रांच्या ‘देवदास’ या कादंबरीचा (१९१७) शेवट बदलायचा म्हटला की बहुतेकांना तो बालमैत्रीण पारोच्या दाराशी, देवदास मरतो तिथे, बदलावासा वाटतो. बैलगाडी थोडी लवकर पोहोचली असती, पारोला वेळेत कळलं असतं, वगैरे. पण कळून तरी काय होणार होतं? ती चौधरींच्या घरची मालकीण, आणि हा मरायला टेकलेला.

मला विचाराल तर शेवट कलकत्त्यात, टपालाच्या पेटीपाशीच ठरतो. तुझ्यावर माझं तसं प्रेम कधी नव्हतंच, असं पत्र देवदास पारोला लिहितो आणि ते टाकल्यावर त्याला पश्चात्ताप होतो. मग गावी परततो, ती नकार देते, आणि त्या मानभंगाचा राग काढतो तो तिच्या कपाळावर, मासे धरायच्या काठीने! ते पत्र दोन दिवस खिशात राहिलं असतं तर कादंबरीच झाली नसती, हेही खरं.

दुसरी जागा चंद्रमुखीची, त्याच्यावर जीव लावणाऱ्या गणिकेची. आजारी देवदासला रस्त्यावरून उचलून ती बरं करते, हवापालटासाठी सोबत येऊ का म्हणून विचारते. तो लोकलाजेपायी नको म्हणतो. तिथे ‘चल’ म्हणाला असता तर? २००९च्या ‘देव डी’ या चित्रपटाने नायकाला चंदाकडेच, म्हणजे त्यातल्या चंद्रमुखीकडेच, वळवलं. मला ते पटलं. पारोप्रेमी मंडळी रागावतील, रागावोत बापडी.

– एक वाचक