हे खोकं मी स्वतः भरलंय

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम सगळ्यात वर ठेवलंय, म्हणजे खोकं उघडलं की आधी तेच हाती लागेल. आई, आधी पूर्ण वाच आणि मगच पाकिटं फोड.

गेले तीन महिने दर महिन्याला तुमच्याकडे येणारं जपानी खाऊचं खोकं मी बंद केलं. कारण तुम्हाला ठाऊक आहे, पण फोनवर ते नीट बोलणं झालंच नाही, म्हणून लिहिते. तिसऱ्या खोक्यातल्या द्राक्षाच्या गमी तुला फार आवडल्या होत्या. व्हिडिओ कॉलवर तू पाकीट उलटंसुलटं करून दाखवत होतीस, "चित्र किती टवटवीत काढलंय बघ" म्हणून, आणि मागच्या बारीक अक्षरांत मला 'झेराचिन' दिसलं. जिलेटिन. जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढतात ते. त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दोन रात्री झोप लागली नाही, मग फोन करून सांगितलं. तू म्हणालीस, "अजाणतेपणी झालं, त्याचं काय एवढं," आणि लगेच पावसाचा विषय काढलास. बाबा मात्र बराच वेळ गप्प होते.

खोकं पाठवणाऱ्या कंपनीच्या चिठ्ठीत प्रत्येक खाऊची चव, गाव, गंमत सगळं छापलेलं होतं, जिलेटिनचा उल्लेख नव्हता. पण आपलं घर शाकाहारी, हे त्यांना काय माहीत? मला माहीत होतं. सहा वर्षं इथे जपानमध्ये राहते, ती अक्षरं मला वाचता येतात, आणि खोकं परस्पर तुमच्याकडे जाईल अशी सोय करून मी मोकळी झाले. आई, माझं चुकलं. तू सोडून दिलंस, पण मला ते एकदा लिहून द्यायचं होतं.

आता खोकं मी भरते. दुकानात प्रत्येक पाकीट उलटं करून, मोबाईलच्या कॅमेऱ्याने अक्षरं मोठी करून वाचते. बाबा, तुम्हाला अशा गोष्टींत रस असतो म्हणून सांगते: इथे घटकांच्या यादीत जे वजनाने सर्वांत जास्त ते सर्वांत आधी लिहावं लागतं. मग एक तिरकी रेघ येते आणि तिच्यापुढे रंग, वास, आंबटपणा वगैरेंसाठी घातलेली द्रव्यं. ॲलर्जीचे पदार्थ कंसात, एकेका घटकामागे किंवा यादीच्या शेवटी. दूध, गहू, अंडं, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा हे असतील तर लिहिणं कायद्याने सक्तीचंच आहे, त्यामुळे अंडं चटकन सापडतं. जिलेटिनची ॲलर्जीच्या कंसात सक्ती नाही, म्हणून मी सगळी यादी पहिल्यापासून वाचते. आणि खरा चोर असतो तो 'कात्सुओ' माशाचा, म्हणजे बोनिटोचा, अर्क. तांदळाच्या साध्या खारट बिस्किटातसुद्धा सोया सॉसबरोबर तो हळूच शिरलेला असतो. पहिल्या दिवशी अकरा पाकिटं हातात घेतली आणि आठ परत ठेवली.

बाबा, तुमच्यासाठी आणखी एक. पाकिटावर पाच ओळींचा एक चौकोन असेल. क्रम ठरलेला असतो: ऊर्जा, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, कर्बोदकं, मीठ. 2020 पासून तो बहुतेक पाकिटांवर छापावाच लागतो. तुम्ही चौथी ओळ बघायची साखरेसाठी आणि पाचवी रक्तदाबासाठी. आकडे इंग्रजीच असतात. फक्त ते पूर्ण पाकिटाचे आहेत, एका नगाचे की 100 ग्रॅमचे, हे वरच्या ओळीत जपानीत लिहिलेलं असतं, म्हणून प्रत्येक पाकिटावर मी पेनने मराठीत लिहून ठेवलंय. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी वाचायची. मागे तुम्ही ती उलटी वाचून चांगलं पाकीट टाकून दिलं होतं.

तुम्हाला आवडलेली ती मक्याची पोकळ कांडी, उमाइबो, या खोक्यात नाही. तिच्या कित्येक चवींत मांसाचा नाहीतर मासळीचा अर्क असतो, आणि माझी खात्री पटेपर्यंत मी ती पाठवणार नाही. तुम्ही किंमत विचारली होती. 1979 मध्ये ती निघाली आणि चाळीस वर्षांहून जास्त काळ 10 येनलाच मिळत होती. 2022 मध्ये 12 येन झाली, 2024 मध्ये 15. दोन येन वाढले तेव्हा टीव्हीवर बातमी आली होती. इथल्या पोरांचा पहिला स्वतःच्या पैशांनी घेतलेला खाऊ हाच असतो, म्हणून लोकांना एवढं वाटलं.

ग्लिको कंपनीचं कॅरॅमलही असंच हातात घेऊन परत ठेवलं. गोष्ट मात्र सांगते. 1922 मध्ये ओसाकात ते विक्रीला आलं. एझाकी रिइची नावाच्या माणसाने कालवं उकळून उरलेल्या पाण्यातलं ग्लायकोजेन त्यात घातलं, मुलांना ताकद यावी म्हणून. डबीवर धावणारा माणूस आणि 'एका गोळीत 300 मीटर'. आजही त्या कॅरॅमलमध्ये कालवांचा अर्क असतो. चवीवरून स्वप्नातही कळलं नसतं.

आणि याच्या बरोबर उलटं आहे योकान. ती काळपट लाल, चकचकीत वडी. तिच्या नावातल्या दोन अक्षरांचा अर्थ मेंढी आणि रस्सा! मूळ चिनी पदार्थ मटणाचाच होता. झेन भिक्षू मांस खात नसत, त्यांनी त्याच्या जागी लाल चवळीसारखे दिसणारे अझुकी दाणे घातले, आणि हळूहळू तो गोड पदार्थ झाला. आत फक्त अझुकी, साखर आणि कानतेन. कानतेन समुद्री शेवाळापासून काढतात, त्यामुळे ते आपल्याला चालतं. आई, तू निर्धास्त खा. बाबा, तुम्ही बोटाच्या पेराएवढा तुकडा, जेवणानंतर, आणि तेवढाच. हे मी आईच्या भरवशावर लिहिते आहे.

बोन्तान आमे म्हणजे ती छोटी डबी. चिकट तांदळाची, पपनसासारख्या फळाच्या वासाची मऊ चौकोनी वडी असते. प्रत्येक वडीला पातळ पारदर्शक कागद चिकटलेला दिसेल. तो सोलायचा नाही. तो पिष्टाचा पापुद्रा आहे, जिभेवर आपोआप विरघळतो. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा पाच मिनिटं नखाने तो काढत बसले होते. शेजारच्या आजींनी माझा हात धरला आणि तशीच वडी तोंडात टाकायला लावली.

हिरव्या चहाच्या चवीचं किटकॅट गौरीचं आहे, तिला दहावीच्या परीक्षेआधी द्या. जपानीत 'किट्टो काट्सु' म्हणजे 'नक्की जिंकशील'. नावाचा उच्चार त्याच्याजवळ जातो, म्हणून परीक्षेला बसणाऱ्या मुलांना घरचे लोक हेच देतात. पाकिटाच्या मागे दोन शब्द लिहायला जागा असते. माझे लिहिलेत. उरलेल्या जागेत आजी-आजोबांनी लिहावं. उन्हाळ्यात चॉकलेट पाठवणार नाही, वाटेतच त्याचा लगदा होतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते. निळ्या कागदात गुंडाळलेली काचेची छोटी बाटली आहे ना, ती शेवटी उघडा. तिच्यासाठी मी रविवारी कावागोएला गेले होते. इकेबुकुरोहून गाडीने अर्धा तास. तिथे कशिया योकोचो नावाची खाऊवाल्यांची गल्ली आहे. 1923 च्या मोठ्या भूकंपात तोक्योतले कारखाने गेले, तेव्हा राजधानीला खाऊ पुरवायचं काम या गल्लीने उचललं. त्या काळी सत्तरच्या वर दुकानं होती. आता थोडी राहिलीत, पण दगडी फरसबंदीवर पाऊल टाकलं की भाजलेल्या रताळ्याचा आणि पाकाचा वास येतो, आणि माझी चाल आपोआप मंदावते.

बाटलीत कोम्पेइतो आहे. आई, एक दाणा तळहातावर घे आणि खिडकीपाशी जा. चण्याएवढा, फिकट गुलाबी, आणि चहूबाजूंनी बोथट काटे. ओळखलंस ना? मी दुकानात उभी होते आणि मला संक्रांतीआधीची आपली ओसरी दिसली. शेगडीवर परात, परातीत तीळ, तू चमच्याने पाक सोडते आहेस आणि बोटांनी सारखं फिरवते आहेस. मी विचारायची, "आला का काटा?" आणि तू म्हणायचीस, "थंडी पडू दे अजून." इथेही तसंच. तापवलेली मोठी तिरकी कढई सावकाश फिरत असते, तिच्यात बारीक कण. वरून साखरेचा पाक थोडा थोडा घालायचा, सुकू द्यायचा, पुन्हा घालायचा. एक घाणा तयार व्हायला दोन आठवडेसुद्धा लागतात. मुरलेले कारागीर म्हणे दाणे कढईत घरंगळतात त्याच्या आवाजावरून ओळखतात, आता पाक घालायची वेळ झाली.

बाबा, नाव मूळचं पोर्तुगीज आहे, 'कॉन्फेइतो'. 1569 मध्ये लुइश फ्रॉइश नावाच्या पोर्तुगीज धर्मगुरूने काचेच्या कुपीत भरून ओदा नोबुनागा या त्या वेळच्या बलाढ्य जपानी सरदाराला हे दाणे भेट दिले होते. साखर तेव्हा इथे अपूर्वाईची होती. आजही राजघराण्यातल्या मंगलप्रसंगी पाहुण्यांना इवल्याशा चांदीच्या डबीतून कोम्पेइतो देतात. आणि भूकंपासाठी घरात ठेवायच्या कडक बिस्किटांच्या काही डब्यांतही हेच दाणे टाकलेले असतात, कोरड्या तोंडाला पाणी सुटावं म्हणून. माझ्या पलंगाखालच्या पिशवीत तसा एक डबा आहे. काळजी करू नका, ती पिशवी इथे घरोघरी असते.

पुढच्या खोक्याचं थोडं. पुरं खोकं 2 किलोच्या आत बसवावं लागतं, कारण लहान पार्सलची तीच मर्यादा आहे. टपालाच्या फॉर्मवर प्रत्येक खाऊचं नाव, वजन आणि येनमधली किंमत लिहिली आहे. तुमच्याकडे जकात मागितली तर द्या आणि मला आकडा कळवा. काय आवडलं, काय नाही, ते खरं सांगा. "सगळं छान होतं" एवढं सांगून भागणार नाही. आई, एखादी गोष्ट तोंडात घालाविशी वाटली नाही तर घालू नकोस, आणि शंका आली तर पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. मी कामात असले तरी वाचून लगेच उत्तर देईन.

आणि यंदा हलवा करायला बसशील तेव्हा मला व्हिडिओ कॉल कर. फोन बाबांनी धरायचा, परातीच्या अगदी जवळ. मला काटा येताना बघायचाय.

तुमची,
मनू