फेरी किती किलोमीटरची ते कळले. पण किती वेगाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात आठवड्याच्या कार्यक्रमांची चौकट असते. उपनगरातल्या बागांमधून आणि राखीव वनांमधून निघणाऱ्या सामूहिक फेऱ्यांची सूचना त्यात न चुकता येते. ती मी कात्रीने कापून ठेवते. जमायचे ठिकाण, वेळ, अंतर ५ किमी आणि शेवटी ‘सर्वांसाठी खुली’. या शेवटच्या दोन शब्दांबद्दल हे पत्र आहे.

माझे वय ६३. उजवा गुडघा अधूनमधून आपले अस्तित्व जाणवून देतो, पण ५ किलोमीटर मी सहज चालते. फक्त ताशी साडेतीनच्या आसपास. गेल्या दोन वर्षांत निरनिराळ्या गटांबरोबर बऱ्याच फेऱ्या केल्या आणि जवळजवळ प्रत्येक फेरीत एकच प्रकार घडला. म्होरक्या ताशी ५ किलोमीटरने निघतो. दोन किलोमीटरवर पहिला थांबा. तो तिथे २४ मिनिटांत पोहोचतो, मी ३४ मिनिटांत. मधली दहा मिनिटे पुढचे लोक बाकावर बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. मी पोहोचले की म्होरक्या हसतमुखाने म्हणतो, ‘चला, आले सगळे!’ आणि मंडळी उठतात. म्हणजे जे दमलेले नाहीत त्यांना दहा मिनिटे विश्रांती आणि जी दमली आहे तिला शून्य. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, हे मान्य. उलट आपण थांबलो, म्हणजे मागच्यांची काळजी घेतली, असेच पुढच्यांना मनापासून वाटत असते.

नुसत्या अंतरावरून वाटेचा अंदाज येत नाही, ही गोष्ट काही नवी नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच साधा हिशेब मांडला होता : दर तीन मैलांना एक तास आणि चढाच्या दर २००० फुटांमागे आणखी एक तास. तोही धडधाकट माणसाचा, वाटेत न रेंगाळता चालणाऱ्याचा. उपनगरातल्या टेकडीला २००० फूट कुठून असणार? पण तळ्याच्या बांधावर चढणाऱ्या साठ पायऱ्याही गुडघ्याला कळतात आणि त्या ‘अंतर ५ किमी’मध्ये कुठेच दिसत नाहीत.

मनगटावरच्या घड्याळांनी तर या घाईला खतपाणीच घातले आहे. दहा हजार पावले पूर्ण झाली की फेरी सार्थकी लागली, असे मानणारे प्रत्येक गटात भेटतात. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आले, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावले मोजणारे’ असा होता. जाहिरातीचा आकडा तो, पुढे आरोग्याचा नियम होऊन बसला. यावर एकदा मी बोलले, तर शेजारचे गृहस्थ घड्याळाकडे बघत म्हणाले, ‘असेल, पण माझे अजून बाराशे बाकी आहेत.’

सामूहिक फेऱ्यांच्या मी विरोधात नाही. असते तर दर आठवड्याला पहाटे उठले नसते. गटाने मोकळ्यावर चालण्यावरच्या ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,८४३ माणसे होती आणि रक्तदाब, विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके, नैराश्य, सगळ्यांतच सुधारणा दिसली. पण हा फायदा येत राहणाऱ्यांना. तिसऱ्या फेरीनंतर जी यायची बंद होते तिला कसला फायदा? अशा निदान चौघी मला माहीत आहेत. गट त्यांच्याबद्दल ‘अलीकडे दिसत नाहीत’ एवढेच म्हणतो.

बागेत ही घाई फक्त माणसांना त्रास देते, राखीव क्षेत्रात मात्र जमिनीलाही. रांग लांबली की मागचे लोक गटाला गाठायला वळण सोडून आडवे घुसतात. चिखल दिसला की कडेने जातात. गवत तुडवले जाण्यात सर्वाधिक नुकसान सुरुवातीच्या थोड्या पावलांनीच होते. मळलेल्या वाटेवर आणखी चाळीस जण गेल्याने फारसे बिघडत नाही, पण कोऱ्या गवतातून चाळीस जण एका मागोमाग गेले की तिथे नवी वाट उमटते, पुढच्या आठवड्यातला गट तिलाच खरी वाट समजतो. म्हणून चिखलातूनच, एका रांगेत, बूट भरवत जायचे असते. घाईत हे कोण सांगणार?

आणि कुत्री. बागेत साखळीला बांधलेला कुत्रा असायला माझी काही हरकत नाही. पण आपली चौकट बाग आणि राखीव वन एकाच दमात छापते, त्यामुळे लोक दोन्हीकडे कुत्रा घेऊन येतात. सिडनीच्या वेशीवरच्या रानात एक अभ्यास झाला होता, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. साखळीला बांधलेले कुत्रे वाटेवरून नेले, तर तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जातींमध्ये ३५ टक्के आणि संख्येत ४१ टक्के घट झाली. नुसती माणसे चालली तेव्हाही पक्षी बिचकले, पण याच्या निम्म्याहून कमी.

सगळ्यांच्या मागून चालण्याचा एक लाभ मला मिळतो, तोही सांगते. चाळीस जोड्या बूट आणि तितक्याच गप्पा पुढे निघून गेल्या, की काही मिनिटांनी झाडी पुन्हा बोलू लागते. खंड्या परत आपल्या फांदीवर येतो. पुढच्यांना थांब्यावर विचारले, की ते म्हणतात, ‘आज पक्षी विशेष नव्हतेच.’

एकाच फेरीत मला वेगळा अनुभव आला. एक तरुण मुलगी बॅकलीड होती, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारी. तिने निघतानाच म्होरक्याला बजावले होते, की थांब्यावर मी पोहोचल्यापासून पाच मिनिटे मोजायची. वाटेत तिने मला ‘मावशी, जमेल ना?’ असे एकदाही विचारले नाही. माझ्या पावलाने चालली, एक घरटे दाखवले आणि बरीचशी गप्प राहिली. फेरीला वीस मिनिटे जास्त लागली. तक्रार कुणीच केली नाही.

तेव्हा विनंती अशी, की सूचना पाठवणाऱ्या गटांकडून आपण आणखी तीन गोष्टी मागवाव्यात : चालण्याचा वेग, अर्ध्यावरून बाहेर पडायला वाट आहे का, आणि मागे कोण असणार. जागा हे राखीव क्षेत्र असेल तर तेही स्पष्ट लिहावे. चौकट लहान आहे, याची मला कल्पना आहे. जागा पुरत नसेल तर ‘सर्वांसाठी खुली’ हे दोन शब्द काढून टाका. जवळजवळ तेवढ्याच जागेत ‘ताशी साडेतीन किमी’ बसते, मी मोजून पाहिले आहे.

आपली,
एक नियमित वाचक