रेड वाइन आणि ठाण्याचा उकाडा

महोदय,

रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठीचा, तिथे त्याचा अर्थ १६ ते १८ अंश. ठाण्यातल्या मे महिन्यात, ३२ अंशांना, फ्रान्समधल्या दक्षिण ऱ्होन खोऱ्यातल्या ग्रनाश-सिरा-मूर्वेद्र या द्राक्षांच्या मिश्रणातली फळांची चव हरवते आणि अल्कोहोल तेवढा नाकाला झोंबतो. बाटली आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवावी. ग्लासात बर्फ? नकोच.

विकत घेताना बाटलीच्या तोंडाकडे नीट पाहावे. बुचावरचे आवरण फुगलेले किंवा कडेने चिकट ओघळ आलेला असेल, तर माल कुठेतरी तापला असण्याची शक्यता असते. लेबलवरचे फ्रेंच ‘मी आं बुतेय ओ दोमेन’ म्हणजे वाइन मळ्यावरच बाटलीत भरलेली. तळाचा गाळ निरुपद्रवी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी, तीन दिवसांत संपवावी.

— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे