साखरपुड्याआधी एवढं कर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू चिडून म्हणालास, "आई, आता माझ्यातही आजार शोधायला लागलीस का?" आणि फोन ठेवलास. मी परत लावला नाही. लावला असता तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते.

रुचा आम्हाला मनापासून आवडली. मनूशी बोलताना ती व्हीलचेअरकडे नाही, मनूकडे बघते, हे बाबांनी मला दोनदा सांगितलं. हॉल ठरला, याद्या झाल्या, यात मनूच्या आजाराची, स्नायू दुबळे करणाऱ्या त्या आनुवंशिक एसएमएची, रक्ततपासणी कुठून आली असं तुला वाटणार. पण साखरपुड्याआधी करून घे. आधी तुझी एकट्याची. तू वाहक नसलास, म्हणजे तो बिघडलेला जनुक तुझ्यात नसला, तर विषय जवळजवळ तिथेच मिटतो, रुचाला सुईसुद्धा टोचायला नको. असलास तरच तिची.

मी आणि बाबा दोघंही ठणठणीत, तरी दोघांतही तो एसएमएन-1 जनुकाचा बिघाड निघाला. अशा जोडप्याला दर खेपेला चारात एक धोका. तू सुटलास, मनू सापडली. पण तिचा सख्खा भाऊ म्हणून तू वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे. वाहकाला स्वतःला काही होत नाही... बघ, लागले शिकवायला. रागावू नकोस.

2013 साली निदान झालं तेव्हा या आजारावर जगात कुठेच औषध नव्हतं. "छाती सांभाळा," एवढंच हाती आलं. फिजिओथेरपीच्या बाई मला थापट्या शिकवत होत्या आणि तू दारात उभा राहून शिकलास. सहावीचा इतिहास मांडीवर, डावा हात मनूच्या पाठीवर, तळवा वाटीसारखा वाकवलेला. कफ सुटला की ओरडायचास, "आला!" शेजारच्यांना वाटायचं मॅच चाललीय.

2016 च्या डिसेंबरात अमेरिकेत पहिलं इंजेक्शन मंजूर झालं, बाबा पेढे घेऊन आले. किंमत दुसऱ्या दिवशी कळली. 2019 मध्ये 16 कोटींचं आलं, तेही दोन वर्षांखालच्या बाळांना, मनू सातची. मग सिरप आलं, बाटली सहा लाखांची. वजन 20 किलोच्या पुढे गेलं की एक बाटली बारा दिवस. सरकारी मदत 50 लाखांपर्यंत गेली तेव्हा हिशेब तूच केलास: आठ बाटल्या, तीन-सव्वातीन महिने. पुढे काय, हे बाबांनी त्या दिवशी विचारलं नाही. त्या मदतीसाठी केईएम हॉस्पिटलच्या रांगेत मात्र उभे राहिले.

आणि 2025 च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने पेटंटवाल्या कंपनीची याचिका फेटाळली, तेच सिरप इथल्या कंपनीचं 15,900 ला बाटली असं आलं. वर्षाला तीस बाटल्या धर, पावणेपाच लाखांच्या वर जातात. तुझा पगार कुठे जातो ते मला ठाऊक आहे रे. गेलेली ताकद परत येईलच असं नाही, आहे ती टिकावी एवढंच. पण परवा मनूने पाण्याच्या बाटलीचं झाकण स्वतः फिरवलं. मी ओट्यापासून बघत होते. बोलले नाही, दृष्ट लागायची.

काकू म्हणते, मुलीकडच्यांना कशाला सांगायचं, मोडेल. मोडलं तर, हे माझ्याही डोक्यात रात्रभर घोळतं. तरी रुचाला हे काकूच्या तोंडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे. दोघं वाहक असलात तरी वाट बंद होत नाही, अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होते. आम्हाला तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. याचा अर्थ मनू नको होती असा नाही. तसं वाचू नकोस, आणि हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस. तिला सगळं कळतं.

तपासणीला उपाशी जावं लागत नाही, ऑफिसला जाता जाता होईल.

तुझी,
आई

ता. क. येताना जेल-पॅकची पिशवी आण, मनूच्या सिरपची बाटली हॉलवर न्यावी लागेल. हॉलवाल्याचा फ्रिज मी बघितला, त्यात सगळी कोल्ड्रिंकं. आणि रिपोर्ट आला की मला एकटीला पाठव. घरच्या ग्रुपवर टाकू नकोस, तिथे काकू आहे.